वर्दीच्या आधीची दोन वर्षं

रॅले, नॉर्थ कॅरोलायना

अमेरिकेतल्या पोलीस दलांना माणसं मिळत नाहीत, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सहजासहजी पटणार नाही. आपल्याकडे 2024 च्या पोलीस भरतीत 17 हजारांवर जागांसाठी 17 लाखांहून अधिक अर्ज आले होते. पहाटेच्या अंधारात गावाबाहेरच्या रस्त्यावर धावण्याचा सराव करणारी मुलं-मुली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. इथे रस्त्याकडेच्या मोठ्या फलकांवर, शाळांच्या मेळाव्यांत, चित्रपटगृहातल्या जाहिरातींत पोलीस दलं माणसं शोधत असतात, तरी जागा रिकाम्या राहतात. पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम या संस्थेच्या पाहणीत 2022 मधले राजीनामे 2019 पेक्षा 47 टक्क्यांनी जास्त निघाले. मे 2020 मध्ये मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. त्यानंतर या पेशाकडे पाहण्याची तरुणांची नजर बदलली, आणि आत असलेल्यांपैकीही अनेकांनी दुसरी वाट धरली.

यावर इथल्या राज्य सरकारांनी जे उपाय योजले, त्यांतला एक मला सविस्तर सांगावासा वाटतो: पोलीस होऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या कॉलेजचा खर्च राज्याने उचलायचा.

हा उपाय समजायला आधी इथली पोलीस व्यवस्था समजावी लागते. आपल्याकडे पोलीस म्हणजे राज्याचं एक खातं. वर गृहमंत्री, महासंचालक, आयपीएस अधिकारी. खाली शिपायापर्यंत एकच उतरंड. अमेरिकेत अशी एक उतरंड कुठेच नाही. देशभर सुमारे 18,000 स्वतंत्र पोलीस दलं आहेत. न्यूयॉर्कचं दल हजारोंचं, तर एखाद्या खेड्याचं तीन-चार माणसांचं. शहराचे पोलीस शहराचे, विद्यापीठाचे विद्यापीठाचे, आणि काउंटीत, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, शेरिफ हा पोलीसप्रमुख. हा शेरिफ चक्क निवडून येतो. नॉर्थ कॅरोलायनात 100 काउंटी आहेत, म्हणून 100 शेरिफ, आणि दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक.

यातून निघणारी एक गोष्ट आपल्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. इथे शहर-काउंटीच्या पोलिसांची राज्यभर बदली होत नाही. साताऱ्याच्या फौजदाराला हुकूम काढून गडचिरोलीला पाठवता येतं, तसं इथे त्यांना कुठेही पाठवता येत नाही. माणूस ज्या दलाने घेतला त्याच दलाचा. दुसरीकडे जायचं तर राजीनामा द्यायचा आणि तिकडे नव्याने अर्ज करायचा. परिणाम उघड आहे. या राज्यात रॅलेची वेक आणि शार्लटची मेक्लनबर्ग या काउंटींची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत प्रत्येकी 11 लाखांच्या वर होती. किनाऱ्याकडच्या टायरेल काउंटीत साडेतीन हजारही माणसं नव्हती. मोठ्या शहरांचा पगार मोठा. लहान काउंटीचा शेरिफ स्थानिक पोराला घेतो, शिकवतो, गाडी देतो, आणि वर्ष-दोन वर्षांत तो पोरगा शार्लटला नाहीतर रॅलेला निघून जातो. शिकवायचं गरिबाने आणि वापरायचं श्रीमंताने, असा हा व्यवहार वर्षानुवर्षं चालू आहे.

दुसरी अडचण वयाची. मूल अठराव्या वर्षी हायस्कूलमधून बाहेर पडतं. पण पोलीस होण्यासाठी या राज्यात वयाची 20 वर्षं पूर्ण लागतात, डेप्युटी, म्हणजे शेरिफच्या हाताखालचा पोलीस, व्हायला 21. मधल्या काळात मुलगा गोदामात लागतो, बांधकामावर जातो, सैन्यात भरती होतो. एकदा हप्त्यावर गाडी घेतली, संसाराची सुरुवात झाली की पोलीस व्हायची इच्छा मागे पडते. एका हायस्कूलच्या करिअर मेळाव्यात शेरिफच्या कार्यालयाचं टेबल सांभाळणाऱ्या डेप्युटीबाईंशी मी बोललो. शाळेतली कितीतरी मुलं आपल्याकडे येऊन मनापासून विचारतात, पण वयाची अट ऐकून ती जातात आणि पुन्हा येत नाहीत, ही त्यांची खरी खंत होती.

राज्याची ‘क्रिमिनल जस्टिस फेलोज’ ही योजना या दोन्ही अडचणींवर एकदम बोट ठेवते. 2018 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ती मंजूर केली. हायस्कूल संपवणाऱ्या मुलाला कम्युनिटी कॉलेजात फौजदारी न्यायाच्या दोन वर्षांच्या पदवीसाठी राज्य वर्षाला 3,152 डॉलरपर्यंत देतं. कागदोपत्री हे कर्ज असतं. पदवीनंतर कमी लोकसंख्येच्या, योजनेत बसणाऱ्या काउंटीत चार वर्षं पोलीस किंवा तत्सम नोकरी केली की ते माफ होतं. शब्द मोडला तर व्याजासकट फेडायचं.

रक्कम आपल्या डोळ्यांना लहान वाटेल, कारण अमेरिकेतलं शिक्षण म्हटलं की लाखो डॉलरचे आकडे आपण ऐकलेले असतात. कम्युनिटी कॉलेजची गोष्ट वेगळी आहे. 1963 च्या कायद्याने या राज्याने सरकारी मदतीवर चालणाऱ्या स्थानिक कॉलेजांचं जाळं उभं केलं. आज अशी 58 कॉलेजं आहेत. बहुतेक माणसांना घरापासून अर्ध्या तासाच्या आत एखादं सापडतं. राज्यातल्या रहिवाशाला एका क्रेडिटला 76 डॉलर, म्हणजे पूर्णवेळ शिकणाऱ्याला एका सत्राची शिकवणी फी जास्तीत जास्त 1,216 डॉलर. वर्षाचे 2,432. राज्याच्या पैशांत फी भागते आणि पुस्तकांना, इतर शुल्कांना थोडे उरतात. मूल घरीच राहतं, संध्याकाळी कुठेतरी काम करतं, आणि विशीत पोचतं तेव्हा त्याच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर नसतो. अमेरिकन तरुणाला ही मोठीच मोकळीक आहे.

ही कल्पना नवी नाही, आणि तिचा जुना इतिहास फार शिकवणारा आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्हॉल्मर यांनी शंभर वर्षांपूर्वीच कॉलेजात शिकणारी मुलं पोलिसात घेतली होती. लोकांनी तेव्हा त्यांची टर उडवली. पुढे 1967 मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या आयोगाने गुन्हेगारीवरच्या आपल्या अहवालात शिफारस केली, की प्रत्येक पोलिसाकडे चार वर्षांची पदवी असावी हेच अंतिम ध्येय ठेवावं. शहरं पेटलेली होती, कृष्णवर्णीय वस्त्यांत पोलीस म्हणजे परकी फौज वाटत होती. या परिस्थितीला उत्तर म्हणून 1968 च्या कायद्याने केंद्र सरकारने पोलीस शिक्षणाचा मोठा कार्यक्रम सुरू केला. पूर्णवेळ विद्यार्थ्याला वर्षाला 1,800 डॉलरपर्यंत कर्ज, आणि पोलिसात एक वर्ष काम केलं की त्यातला चौथा हिस्सा माफ. जे आधीच नोकरीत होते त्यांना फीसाठी अनुदान.

पैसा आला आणि त्यामागे कॉलेजं धावली. पोलीस विज्ञानाचे अभ्यासक्रम जिकडेतिकडे उगवले. हजारो पोलिसांनी पदव्या घेतल्या. त्यांतल्या पुष्कळांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं ते पहिलंच माणूस होतं, ही गोष्ट मी कमी लेखणार नाही. पण वर्गात काय चाललं होतं? निवृत्त फौजदार शिकवायला, आणि शिकवायचं काय, तर अहवाल कसा लिहायचा, गस्त कशी घालायची, बेड्या कशा घालायच्या. जे पोलीस अकादमीत मिळत होतं तेच कॉलेजच्या नावाखाली. 1978 मध्ये लॉरेन्स शर्मन या अभ्यासकाच्या नेतृत्वाखाली आलेल्या अहवालाने यावर सडेतोड टीका केली: पोलिसाला जग कळावं म्हणून कॉलेजात पाठवायचं आणि तिथे त्याला पुन्हा पोलीस ठाण्यातच बसवायचं, याला अर्थ नाही. पैसे पुरवणारी केंद्रीय यंत्रणा 1982 मध्ये बंद झाली आणि कार्यक्रमही संपला. 1994 च्या गुन्हेगारी कायद्यात ‘पोलीस कॉर्प्स’ नावाने तोच विचार पुन्हा आला. वर्षाला 7,500 डॉलरपर्यंत मदत आणि बदल्यात चार वर्षांची सेवा. पुढे त्याचीही रसद तुटली.

मॅसॅच्युसेट्सचा अनुभव तर आणखी बोलका. तिथे 1970 पासून पदवी घेणाऱ्या पोलिसाला पगारात वाढ मिळे: दोन वर्षांच्या पदवीला 10 टक्के, चार वर्षांच्या पदवीला 20, पदव्युत्तरला 25. राज्य आणि गाव अर्धा-अर्धा भार उचलणार असं ठरलं. पगारवाढ पदवीला जोडलेली असल्यामुळे सोप्यात सोपी पदवी देणारी कॉलेजं निघाली, आणि शेवटी राज्याला नियम कडक करावे लागले. मग 2009 च्या मंदीत राज्याने आपला वाटा कापायला सुरुवात केली, आणि पोलीस व गावं यांचं भांडण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2012 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की राज्याचा वाटा भरण्याची सक्ती गावांवर करता येणार नाही. सरकारच्या भरवशावर शिकलेल्या माणसाने सरकारचा भरवसा किती धरावा, हा प्रश्न तिथल्या पोलिसांच्या घराघरात त्या वर्षी विचारला गेला असेल.

मग शिक्षणाने पोलीस सुधारतो का? याला सरळ हो म्हणणारा माणूस मला फसवा वाटतो. राज्यभर सर्व पोलिसांना दोन वर्षांच्या कॉलेजची अट घालणारं मिनेसोटा हे या देशात जवळजवळ एकटंच राज्य आहे, आणि फ्लॉइडच्या खुनाबद्दल शिक्षा झालेल्या डेरेक शॉविनकडे कायदा अंमलबजावणीची चार वर्षांची पदवी होती. पदवीने माणुसकी येत नाही. तरीही पदवीचा काही उपयोग नाही, असंही म्हणता येत नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या जेसन रिडबर्ग आणि विल्यम टेरिल यांनी दोन शहरांतल्या पोलिसांचं प्रत्यक्ष वागणं तपासून 2010 मध्ये निष्कर्ष मांडला. कॉलेज शिकलेले पोलीस अटक आणि झडती इतरांइतकीच करतात, पण बळाचा वापर कमी करतात. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. ज्याच्याकडे शब्द आहेत त्याचा हात उशिरा उठतो, एवढं तरी त्यातून दिसतं. 2017 च्या एका देशव्यापी पाहणीप्रमाणे अमेरिकेतल्या जेमतेम 30 टक्के पोलिसांकडे चार वर्षांची पदवी होती. म्हणजे 1967 चं ते ध्येय पन्नास वर्षांनीही लांबच होतं.

नॉर्थ कॅरोलायनाच्या योजनेकडे मी या इतिहासाच्या उजेडात पाहतो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात फौजदारी कायदा, पुरावा, तुरुंगव्यवस्था हे विषय आहेतच. त्यांच्यासोबत राज्यघटना आहे, बालगुन्हेगारी आहे, नीतिशास्त्र आणि समाजाशी संबंध हा वेगळा विषय आहे, इंग्रजी लेखन आणि मानसशास्त्र आहे. मध्यरात्री दारू पिऊन, नाहीतर मन बिघडून रस्त्यात उभ्या राहिलेल्या माणसाशी बोलायला हे सगळं लागतं. धोका मला दिसतो तो एका सवलतीत. पोलीस प्रशिक्षणाचा पायाभूत अभ्यासक्रमही इथे बहुतेक कम्युनिटी कॉलेजांतच चालतो, एखाद्या दलाने पुरस्कृत केलेल्याला त्याची फीही माफ असते, आणि तो पूर्ण केला की पदवीतल्या बऱ्याच विषयांची क्रेडिटं आपोआप मिळतात. वेळ वाचतो हे खरं. पण घटना शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या वर्गात बसणं आणि अकादमीत त्याच विषयाचे काही तास उरकणं, यात फरक आहे. शर्मन यांच्या अहवालाने दाखवलेला खड्डा इथेच आहे.

फ्लोरिडाने 2022 मध्ये दुसरा मार्ग धरला. पोलिसात नव्याने येणाऱ्याला सरळ 5,000 डॉलरचा बोनस, बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्यांनाही आमंत्रण. सोबत अकादमीच्या फीसाठी शिष्यवृत्तीही आहे, पण गाजला तो बोनस. त्याने जागा लवकर भरतात, पण त्या शेजाऱ्याच्या घरातून माणूस उचलून भरतात. नॉर्थ कॅरोलायनाचा मार्ग सावकाशीचा आहे. आज पैसे घालायचे, दोन वर्षांनी पोलीस मिळणार, आणि तोही ज्या काउंटीकडे कोणी जात नाही तिथे चार वर्षं राहणार. अठराव्या वर्षी सही करून पुढची सहा वर्षं बांधून घेणं सोपं नाही, याची मला जाणीव आहे. तरी या दोन मार्गांत मी निःसंशय नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूने आहे. लहान काउंटीतल्या माणसालाही शिकलेला पोलीस मिळण्याचा तेवढाच हक्क आहे.

शेवटी इथल्या मराठी घरांसाठी एक गोष्ट. रॅलेजवळच्या केरी आणि मॉरिसव्हिलमध्ये आपली वस्ती आता मोठी झाली आहे. मुलं डॉक्टर होतात, इंजिनिअर होतात, कम्युनिटी कॉलेजचं नाव मात्र आपल्या घरांत जरा खालच्या आवाजात घेतलं जातं, आणि पोलिसाच्या नोकरीचं तर घेतलंच जात नाही. या राज्यात पोलीस होण्यासाठी अमेरिकन नागरिकत्व लागतं. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांकडे ते आहे. घरात मराठी-हिंदी बोलणारी, दोन समाज आतून ओळखणारी ही मुलं कुठल्याही पोलीस दलाला हवीच आहेत. तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातलं तुमचं मूल ‘मला पोलिसात जायचंय’ असं म्हणालं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. शाळेतल्या समुपदेशकाला भेटा आणि या योजनेची चौकशी करा.