खवट तेल आणि त्यावरील रासायनिक उपाय

कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्यांत तेलावर परतलेलें सुकें खोबरें असतें. बरणी उघडी राहिली कीं तो खवट होतो. अपराध सुगरणीचा नव्हे, हवेंतील प्राणवायूचा! कारखान्यांतील तेल टिकावें म्हणून त्यांत बी. एच. ए. हें कृत्रिम द्रव्य घालतात. बिघाडाची साखळी तें मध्येंच तोडतें. भारतीय नियमानें तेलांत त्याची मर्यादा किलोमागें 200 मिलिग्रॅम. 1983 सालीं जपानांत, आहाराच्या 2 टक्के, म्हणजे या मर्यादेच्या शंभरपट, बी. एच. ए. दिलेल्या उंदरांच्या पूर्वजठरांत अर्बुदें आढळलीं; तो अवयव मनुष्यास नाहीं. मात्र कढईच्या आंचेवर हें द्रव्य पुष्कळसें उडून जातें. तेंच तेल पुनःपुन्हां तळणास वापरणाऱ्यास त्याचा आधार उरत नाहीं.