शिवण टोचणारी नायिका

परवा एक नवी इंग्रजी प्रेमकादंबरी हाती आली. तिच्या जाहिरातीत कथानक नव्हतंच. मुखपृष्ठाच्या चित्राभोवती बाण, आणि बाणांच्या टोकाला एकेक माल: 'आधी वैरी, मग प्रेमी', 'खोली दोघांची, पलंग एक', 'ऑटिस्टिक नायिका'. पुस्तकात ही नायिका गर्दीत हेडफोन लावते. तेवढ्यावर तिचं वेगळेपण आटोपलं. चडफडत जुनी पुस्तकं काढून बसले.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. १९८८ च्या 'रेन मॅन' या चित्रपटाने ऑटिझम म्हणजे आकडेमोडीची जादू असा समज करून दिला. अशा माणसाला गोष्टीत जागा मिळे ती नायकाच्या भावाची. मिल्स अँड बूनच्या प्रेमकादंबऱ्यांतले नायक तर नजरेनेच सगळं ओळखायचे.

२०१३ मध्ये ग्रॅम सिम्शनची 'द रोझी प्रोजेक्ट' आली. मेलबर्नचा जनुकशास्त्राचा प्राध्यापक डॉन बायको शोधण्यासाठी सोळा पानी प्रश्नावली काढतो. अ‍ॅस्पर्गरवर, म्हणजे ऑटिझमच्याच एका रूपावर, व्याख्यान देतो, पण ते आपल्याला लागू आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. हसले मीही. पण त्याला न कळलेलं आपल्याला कळतं, एवढीच ती मजा. शृंगाराचा सराव तो सांगाड्याबरोबर करतो, आणि वाचकाच्या वाट्यालाही जवळपास तेवढंच येतं.

मग २०१८ मध्ये हेलन होआंग यांची 'द किस कोशंट' आली. होआंग यांना स्वतःच्या ऑटिझमचं निदान मोठेपणी, २०१६ मध्ये झालं होतं, आणि हे आतून लिहिलेलं आहे हे पानापानाला जाणवतं. स्टेला अर्थमितीतज्ज्ञ. पैसा भरपूर, आईला नातवंडं हवीत, आणि चुंबन म्हटलं की तिला शार्कचे दात साफ करणारे मासे आठवतात. ती उपाय काय करते? पैसे मोजून मायकेल नावाचा देखणा सोबती ठरवते आणि शिकवणीचा आराखडा घेऊन जाते, झालेल्या पाठावर खूण करायच्या चौकोनांसकट! 'प्रिटी वुमन' हा चित्रपटच उलटा केलेला. मायकेल शिवणकाम जाणणारा. कपड्याची आतली शिवण हिला का टोचते हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. कादंबरी बेधडक चावट आहे. पण त्या प्रसंगांत तो थांबतो, विचारतो, ती 'नको' म्हणते, मग 'हे चालेल' म्हणते. बाकीच्या कादंबऱ्या जे उसाशांवर भागवतात ते इथे शब्दांत सांगावं लागतं. म्हणूनच त्यात हसू येतं, आणि म्हणूनच ऊबही येते.

तेव्हा ओळखीच्या एका समीक्षकांनी मला सुनावलं होतं, "आजार आणि चावटपणा एकत्र करून विकतात हो हे लोक." पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं. वाचायची गरजही वाटली नव्हती, कारण गुलाबी मुखपृष्ठाखाली काही असू शकतं हेच त्यांना मान्य नव्हतं.

तालिया हिबर्ट तर आणखी खट्याळ. २०२१ च्या 'अ‍ॅक्ट युअर एज, ईव्ह ब्राउन'मध्ये ईव्ह नोकरीच्या मुलाखतीनंतर मालकालाच गाडीची धडक देते आणि त्याचं मनगट मोडते. जेकब शिस्तीचा, ईव्ह पसाऱ्याची, दोघंही ऑटिस्टिक. त्याला ते पूर्वीपासून ठाऊक, तिला हळूहळू उमगतं. एकाच निदानाची दोन माणसं इतकी निराळी! विनोदाची गंमत अशी की ईव्ह बहुतेकदा स्वतःच तो करते.

त्याच वर्षी होआंग यांची 'द हार्ट प्रिन्सिपल'. व्हायोलिनवादक अ‍ॅना तीच रचना पुन्हा पुन्हा पहिल्यापासून वाजवत राहते, पुढे जाऊच शकत नाही. ऑटिझमचं निदान होतं, घरचे ते मानत नाहीत, वर वडिलांचं आजारपण तिच्याच गळ्यात. होआंग स्वतः आईच्या आजारपणातून गेल्या होत्या. 'यात प्रेम कमी नि दुःख जास्त' अशी कुरकुर झाली. मला ती या सगळ्यांतली सर्वांत खरी वाटते. दुसऱ्यांना बरं वाटावं म्हणून आयुष्यभर सोंग वठवणाऱ्या बाईला प्रियकरासमोर सोंग उतरवता येणं, याहून अधिक प्रणय आणखी कुठला हवा होता?

२०२३ मध्ये 'फोर्थ विंग' ही ड्रॅगनांची प्रेमकादंबरी आली आणि बाजार ड्रॅगनांमागे धावला. धावू दे. मात्र त्या लाटेतलं मी जे वाचलं, त्यात आवडीनिवडी विचारायची वेळच कुणावर येत नाही, सगळं आपोआप जमतं. चारशे पानं आपोआप जमणारं प्रेम वाचून मला तरी जांभई येते.