हाक आणि आवर : इंटरफेरॉनचे कार्य

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला हा अनुभव परिचयाचा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर एका मुलाला ताप येतो आणि दोन-चार दिवसांत शेजारच्या खाटांवरची मुलेही कण्हू लागतात. अंग मोडून येते, थंडी वाजते, अन्न नकोसे होते. हा सारा त्रास विषाणूच देतो, असे आपण समजतो. वस्तुतः त्यातील मोठा वाटा आपल्याच शरीराने चालविलेल्या प्रतिकाराचा असतो. या प्रतिकाराची पहिली हाक देणाऱ्या प्रथिनांना इंटरफेरॉन म्हणतात.

१९५७ साली लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत अ‍ॅलिक आयझॅक्स व ज्याँ लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातील पटलावर निष्क्रिय केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू सोडला. तेव्हा त्या पेशींतून एक द्रव्य बाहेर पडले. ते ताज्या पेशींना दिले असता त्याही विषाणूला दाद देईनाशा झाल्या. विषाणूच्या वाढीत अडथळा आणणारे, म्हणून त्याचे नाव इंटरफेरॉन.

पेशीत विषाणू शिरताच तेथील संवेदक प्रथिने त्याचा आरएनए ओळखतात आणि ती पेशी इंटरफेरॉन सोडते. ते शेजारच्या पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहींना जाऊन चिकटते. त्यामुळे आतील बाजूची ‘जॅक’ नावाची विकरे जागृत होतात, ती ‘स्टॅट’ प्रथिनांना कार्यरत करतात आणि ही प्रथिने केंद्रकात शिरून शेकडो जनुके चालू करतात. मग कोणी विषाणूचा आरएनए तोडते, कोणी त्याच्या प्रथिनांची निर्मिती रोखते. अल्फा व बीटा हे प्रकार सर्व शरीरभर काम करतात. लॅम्डा मुख्यतः श्वसनमार्गाच्या व आतड्याच्या अस्तरावर पहारा देतो. गॅमा हा क्षयासारख्या जंतूंशी लढणाऱ्या भक्षक पेशींना बळ देतो.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठची फड पद्धती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचा भाग सहज उमजेल. पाटाचे पाणी वेळेवर सोडणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळेवर बंद करणे. म्हणून तर तेथे पाटकऱ्याची नेमणूक असे. शरीरातही असे पाटकरी आहेत. इंटरफेरॉनने चालू केलेल्या जनुकांतच ‘सॉक्स-१’ व ‘यूएसपी-१८’ या प्रथिनांची जनुके असतात. पहिले जॅकला रोखते, दुसरे ग्राहीपाशीच संदेश अडविते. म्हणजे हाक देणाराच आवर घालण्याचीही सोय करून ठेवतो. ज्या अर्भकांत ‘यूएसपी-१८’ जन्मतःच नसते, त्यांच्या मेंदूत कोणताही संसर्ग नसताना घातक दाह माजतो. ल्यूपस या व्याधीतही बहुतेक रुग्णांत ही हाक थांबतच नाही. त्वचा, सांधे, मूत्रपिंडे यांना तिची झळ बसते.

या शास्त्राची किंमत खानदेशाने २०२० व २०२१ मध्ये मोजली. निवासी शाळा बंद झाल्या, जळगाव व धुळे येथील शासकीय रुग्णालये रुग्णांनी भरून गेली, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरची माणसे परतली नाहीत. अनेक गंभीर रुग्णांत इंटरफेरॉनची हाक आरंभी क्षीण पडली, विषाणू वाढत गेला आणि मागाहून उसळलेल्या दाहाने फुप्फुसे निकामी केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात अतिगंभीर रुग्णांपैकी सुमारे १० टक्के लोकांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली.

उपचारांतही वेळच निर्णायक ठरली. रुग्णालयात दाखल झालेल्यांना बीटा इंटरफेरॉन देऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत लाभ दिसला नाही. उलट, लक्षणे दिसल्यापासून सात दिवसांच्या आत लॅम्डाचे एकच इंजेक्शन दिले असता रुग्णालयात जाण्याची वेळ जवळजवळ निम्म्याने कमी झाली, असे ब्राझील व कॅनडातील चाचणीत २०२३ मध्ये दिसून आले. स्टेरॉइडची गोष्ट याच्या नेमकी उलट. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीने दाखविले, की डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायूवरील रुग्णांचे एक पंचमांशाने घटतात. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र त्याचा काही लाभ झाला नाही. आरंभी प्रतिकार दाबला तर विषाणूला मोकळे रान मिळते. दाह भडकल्यावर तोच दाबणे जीवदान ठरते. दुसऱ्या लाटेत मधुमेहाच्या जोडीला स्टेरॉइडचा अनिर्बंध वापर झाला, तेथे काळ्या बुरशीने अनेकांचे डोळे व जबडे हिरावून नेले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना नम्र विनंती आहे. तापाच्या पहिल्याच दिवशी ‘लवकर उतरावा’ म्हणून दुकानातून स्टेरॉइडची गोळी आणू नका. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड आपल्या मनाने बंदही करू नका. आजारी मुलास विश्रांती, पाणी व वेगळी खाट द्या. धाप लागली, ग्लानी आली किंवा ताप हटेना, तर रुग्णालय गाठण्यास विलंब करू नका. हाक केव्हा द्यावी आणि केव्हा आवरावी, हे निरोगी शरीर बहुधा जाणते. ते चुकते तेव्हा त्याला सावरण्याचे काम जाणकार वैद्याचे आहे, औषधाच्या दुकानाचे नव्हे.