भातखाचरातून हवेत जाणारा नत्र

मावळ, मुळशी, भोर आणि वेल्हे हा पुणे जिल्ह्याचा पश्चिम पट्टा भाताचा. आंबेमोहोर इथलाच, वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणीही इथलाच. पाणी भरलेल्या खाचरात फेकून दिलेल्या युरियातील नत्रापैकी पिकाला साधारणपणे ३० ते ४० टक्केच मिळतो. उरलेल्यातला काही वाहून जातो, काही मातीत अडकतो आणि बराचसा वायुरूपाने हवेत जातो.

पहिली गळती अमोनियाची. युरिएज या विकरामुळे युरियाचे काही दिवसांतच अमोनियम होते. उन्हाच्या वेळी खाचरातील शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. त्यामुळे पाण्याचा सामू दुपारी ९ च्याही वर जाऊ शकतो आणि अमोनियमचा अमोनिया होऊन तो वाऱ्याबरोबर निघून जातो.

दुसरी गळती मातीत होते. साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात ऑक्सिजन पोहोचतो तो केवळ वरच्या काही मिलिमीटरपर्यंत. या तांबूस थरातील जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्याबरोबर खालच्या करड्या, ऑक्सिजनविरहित थरात उतरते. तिथले जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्याचे टप्प्याटप्प्याने वायूत रूपांतर करतात. यालाच विनायट्रीकरण म्हणतात. भाताच्या मुळांभोवतीही हेच घडते, कारण भाताचे पोकळ खोड हवा मुळांपर्यंत नेते.

या साखळीत शेवटून दुसरा वायू नायट्रस ऑक्साइड आणि शेवटचा नायट्रोजन. पाणी सतत साचलेले असेल तर क्रिया बहुधा शेवटपर्यंत जाते. नायट्रोजन निरुपद्रवी आहे. हवेचा ७८ टक्के भाग त्याचाच. नुकसान होते ते खताचे. खाचर मात्र आलटून पालटून सुकत आणि भिजत राहिले, तर क्रिया मध्येच थांबून नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंइतकी उष्णता अडवतो. शिवाय तो ओझोनचा थरही विरळ करतो.

नायट्रोजनची गळती मोजणे अवघड, कारण भोवतालच्या हवेत तोच भरलेला असतो. म्हणून नायट्रोजन-१५ या जड समस्थानिकाने खूण केलेले खत देऊन त्याचा माग काढतात.

उपाय खताच्या जागेत आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातलागवडीत युरिया-डीएपीच्या २.७ ग्रॅमच्या ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. हेक्टरी सुमारे १७० किलो ब्रिकेट लागतात. ऑक्सिजन नसलेल्या थरात अमोनियमचे नायट्रेट होत नाही. ते मातीच्या कणांना धरून राहते, वरच्या पाण्यातही फारसे मिसळत नाही. त्यामुळे दोन्ही गळत्या कमी होतात. कडुनिंबाच्या तेलाचा लेप नायट्रेट तयार होण्याचा वेग मंदावतो. २०१५ पासून देशातील युरियाला तो सक्तीचा आहे.

पाण्याचा हिशेब दुहेरी असतो. खाचर अधूनमधून सुकू दिले की त्यातून निघणारा मिथेन वायू घटतो, पण नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. म्हणून पाण्याच्या पाळ्या बदलताना खताची मात्रा, वेळ आणि खोलीही सोबतच ठरवावी लागते.