कागदावरचे घर, पडद्यावरचे घर

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात मोडत होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्ट्यांबरोबरच कामगारांचे नगरही उभे राहत होते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून लोक तेथे आले. त्यांत विदर्भातून आलेली मराठी भाषक कुटुंबेही होती. मरोदा हा याच नगराचा एक भाग होय. कारखान्याला पाणी पुरविणारा जलाशय आणि दुर्ग–दल्ली राजहरा लोहमार्गावरील स्थानक यांमुळे हे नाव त्या परिसरात सर्वांच्या परिचयाचे आहे.

अशा औद्योगिक नगरातील निवासांचे, म्हणजे ज्यांना सर्वजण ‘क्वार्टर’ म्हणतात त्यांचे, आराखडे कारखान्याच्या कार्यालयात ठरत. थोड्या काळात हजारो घरे बांधावयाची असल्यामुळे काही मोजके नमुने ठरवून त्यांची पुनरावृत्ती करणे हाच व्यवहार्य मार्ग होता. त्यामुळे स्वयंपाकघराची खिडकी कोठे असावी, न्हाणीघराचे दार कोणत्या बाजूला उघडावे, हे तेथे राहणाऱ्यास कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. परंतु निवृत्तीनंतर क्वार्टर सामान्यतः सोडावे लागते. भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांतून मिळालेली रक्कम जागेत आणि बांधकामात घातली जाते, आणि आयुष्यात प्रथमच त्या कुटुंबाला प्रश्न विचारला जातो : तुम्हांला घर कसे हवे?

या प्रश्नाचे उत्तर ज्या कागदाकडे पाहून द्यावयाचे असते, तो कागद बहुतेकांना वाचता येत नाही. गृहरचनेसाठी संगणकावर वापरल्या जाणाऱ्या आज्ञावल्यांचे, म्हणजेच सॉफ्टवेअरचे, महत्त्व येथे सुरू होते.

आराखड्याची लिपी

तळनकाशा म्हणजे घराचा आडवा छेद होय. जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर घर आडवे कापले आणि वरचा भाग बाजूला ठेवून आत पाहिले, तर जे दिसेल ते या नकाशात असते. कापल्या गेलेल्या भिंती जाड रेघांनी, खिडक्या बारीक रेघांनी आणि दारे वर्तुळाच्या पावखंडांनी दाखविली जातात. एकास शंभर या प्रमाणात कागदावरील एक सेंटिमीटर म्हणजे जागेवरील एक मीटर. दर्शनी चित्र आणि उभा छेद ही या लिपीची आणखी दोन अंगे.

वास्तुशिल्पी या तिन्ही चित्रांवरून मनातल्या मनात घर उभे करतो. कारखान्यात यंत्रभागांची रेखाचित्रे वाचणाऱ्या कामगारालाही ते काही अंशी साधेल. परंतु जिला दिवसातील कित्येक तास स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभे राहावयाचे आहे ती गृहिणी, किंवा ज्यांना रात्री आधाराशिवाय न्हाणीघरापर्यंत जावयाचे आहे ते वृद्ध, यांना जाड-बारीक रेघांवरून काही बोध होतोच असे नाही. ती माणसे मान डोलावतात. त्यांच्या मौनाला संमती समजून पाया खोदला जातो.

रेघेपासून भिंतीपर्यंत

संगणकाच्या पडद्यावर प्रत्यक्ष रेखाटन करण्याची पद्धत इव्हान सदरलंड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत दाखवून दिली. त्यांच्या ‘स्केचपॅड’ या प्रणालीत प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघा काढता येत. १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ बाजारात आले आणि हे तंत्र छोट्या संगणकांपर्यंत पोहोचले. तथापि, या टप्प्यावर संगणक प्रामुख्याने कागद आणि टी-पट्टीचेच काम अधिक वेगाने करीत होता. त्याच्या दृष्टीने भिंत म्हणजे दोन समांतर रेघा, एवढेच.

पुढचा बदल अधिक मूलगामी होता. हंगेरीत तयार झालेले ‘आर्चिकॅड’ आणि २००० मध्ये अमेरिकेत आलेले ‘रेव्हिट’ यांसारख्या आज्ञावल्यांत भिंत ही भिंत म्हणूनच नोंदविली जाते. तिला लांबी, जाडी, उंची आणि साहित्य असते. तिच्यात खिडकी बसविली की तळनकाशात, दर्शनी चित्रात आणि छेदात ती एकाच वेळी दिसू लागते. याच वर्षी आलेल्या ‘स्केचअप’मुळे घनाकृती रचना सामान्य माणसालाही शिकता येईल इतकी सोपी झाली. २००६ पासून उपलब्ध असलेली ‘स्वीट होम थ्रीडी’ ही आज्ञावली तर विनामूल्य वापरता येते. तीत तळनकाशा रेखाटत असतानाच खालच्या चौकटीत घर उभे राहताना दिसते.

दहा फूट गुणिले दहा फूट

या साधनाचा खरा उपयोग एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, मरोद्यातून निवृत्त होणाऱ्या एखाद्या कुटुंबाने ३० फूट रुंद व ५० फूट लांब जागा घेतली आहे. आराखड्यात एक शयनगृह १० फूट गुणिले १० फूट दाखविले आहे. हा आकडा कानाला पुरेसा वाटतो. चौरस मीटरमध्ये मात्र ही खोली ९.२९ भरते. राष्ट्रीय इमारत संहितेने राहण्याच्या खोलीसाठी घालून दिलेली किमान मर्यादा एकच खोली असल्यास ९.५ चौरस मीटर, आणि दोन खोल्या असल्यास दुसरीसाठी ७.५ चौरस मीटर आहे. म्हणजे कानाला पुरेशी वाटणारी ही खोली किमान मर्यादेच्या आसपासच असते.

आता आज्ञावलीत या खोलीत ६ फूट रुंद व साडेसहा फूट लांब पलंग ठेवावा. पलंगाच्या पायथ्याशी साडेतीन फूट उरतात. समोरच्या भिंतीला २ फूट खोलीचे कपाट लावले की उरतात केवळ १८ इंच. कपाटाचा दीड फुटी पल्ला उघडताच पलंगाला टेकतो आणि उघडणाऱ्याला उभे राहावयास जागाच राहत नाही. भिंतींच्या गिलाव्याने आणखी सुमारे एक इंच जातो. कागदावर पलंग आणि कपाट दोन्ही ‘बसत’ होते. पडद्यावर माणूस बसत नाही हे दिसून येते. असा दोष मिस्त्रीने दोरी लावण्यापूर्वी कळला, तर कपाट सरकविण्यास किंवा खोली एक फुटाने वाढविण्यास काही क्षण पुरतात.

मात्र यासाठी एक अट आहे. पडद्यावरील सामान कुटुंबाच्या प्रत्यक्ष सामानाच्या मापाचे असले पाहिजे. आज्ञावलीच्या संग्रहातील तयार पलंग, शेगडी किंवा फ्रिज आपल्याकडील मापांशी जुळतातच असे नाही. जुने गोदरेजचे कपाट, शिलाईयंत्र, देव्हारा, धान्याच्या कोठ्या यांची मापे टेपने घेऊन ती भरणे हे या कामातील सर्वांत कंटाळवाणे, पण सर्वांत मोलाचे काम होय.

पश्चिमेची खिडकी

बऱ्याच आज्ञावल्यांत स्थळ, दिवस व वेळ सांगितल्यास सूर्यप्रकाश कोठून येईल हे दाखविण्याची सोय असते. भिलाई सुमारे २१.२ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २१–२२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४५ अंश उंचीवर असतो, मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनी सुमारे ६९ अंशांवर, आणि जूनच्या अखेरच्या आठवड्यात जवळजवळ डोक्यावर. दक्षिणेच्या १२० सेंटिमीटर उंच खिडकीच्या माथ्यालगत ४५ सेंटिमीटरचा छज्जा असेल, तर विषुवदिनी मध्यान्ही त्याची सावली सुमारे ११५ सेंटिमीटर खाली उतरते, म्हणजे जवळजवळ सारी खिडकी झाकते. डिसेंबरमध्ये तीच सावली सुमारे ४५ सेंटिमीटर असते आणि कोवळे ऊन घरात येते.

पश्चिमेच्या खिडकीवर हाच छज्जा निरुपयोगी ठरतो. मे महिन्याच्या उतरत्या दुपारी सूर्य ३० अंशांवर येतो तेव्हा त्याची सावली जेमतेम २६ सेंटिमीटर पडते आणि उरलेली खिडकी उन्हाला मोकळी राहते. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेथे स्वयंपाकघर पश्चिमेला ठेवावे की नाही याचा निर्णय या एका चित्रावरून करता येतो. नकाशात उत्तर दिशा आणि स्थळ यांची नोंद मात्र अचूक हवी. ती न केल्यास पडद्यावरील ऊन हे कोणत्यातरी परक्या शहराचे ऊन असते.

चित्र कसे तयार होते

घनाकृतीवरून छायाचित्रासारखे चित्र तयार करण्याच्या क्रियेला रेंडरिंग म्हणतात. १९८० मध्ये टर्नर व्हिटेड यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत डोळ्यापासून प्रत्येक बिंदूकडे एक किरण सोडला जातो आणि तो आरशावर परावर्तित होतो की काचेतून वाकतो, याचा हिशेब होतो. १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी भिंतीवरून भिंतीवर पसरणाऱ्या मंद प्रकाशाचे गणित मांडले. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी या सर्व विचारांना एका समीकरणात गुंफले. आज पडद्यावर दिसणाऱ्या चकचकीत दिवाणखान्यांमागे हेच गणित उभे आहे.

चित्र कोठे फसविते

हे गणित प्रामाणिक आहे; परंतु ते ज्या गोष्टी भरून दिल्या त्यांच्याशीच प्रामाणिक असते. लहान खोली आतून पूर्ण दिसत नाही, म्हणून चित्रकार डोळा भिंतीच्या पलीकडे ठेवतो आणि मधली भिंत अदृश्य करतो. त्यामुळे खोली जेथून प्रशस्त दिसते, तेथे कोणालाही कधीच उभे राहता येणार नसते. दृष्टिकोन रुंद केला की समोरची भिंत दूर गेल्यासारखी भासते. पलंग थोडा आखूड ठेवला की खोली मोठी वाटते. शेजारचे दुमजली घर चित्रात नसते, म्हणून खिडकीतून आकाश दिसते. कपडे वाळत घालण्याची दोरी, पाण्याची टाकी, विजेच्या तारा यांना चित्रात जागा नसते.

म्हणून चित्र पाहणाऱ्याने काही साधे प्रश्न विचारावेत. डोळा कोठे आणि किती उंचीवर आहे? सामानाची मापे काय आहेत? ही वेळ आणि हा महिना कोणता? बाहेर प्रत्यक्षात काय आहे? उत्तरे देता आली, तर चित्र विश्वासार्ह समजावे.

विकासकाकडून सदनिका घेणाऱ्यास या बाबतीत कायद्याचा आधार आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने चटईक्षेत्राची व्याख्या निश्चित केली : बाहेरच्या भिंती व बाल्कनी वगळून, आतील विभाजक भिंती धरून, उपयोगात येणारे क्षेत्र. जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूदही त्यात आहे. स्वतःच्या जागेवर स्वतः बांधणाऱ्याला मात्र स्वतःची चौकसबुद्धी हाच मुख्य आधार असतो.

बैठक

घर बांधून घेणारे कुटुंब आणि वास्तुशिल्पी यांच्या बैठकीत कोणता क्रम ठेवावा, यावर बरेच अवलंबून असते. रंगीत चित्र प्रथम दाखविले की चर्चा फरशीच्या छटेवर आणि पडद्यांच्या कापडावर घसरते. खोल्यांची मापे आणि जाण्यायेण्याची वाट मागे पडते. म्हणून प्रथम मापांसह तळनकाशा, नंतर रंगहीन पांढरी घनाकृती आणि शेवटी रंगीत चित्र, हा क्रम हिताचा होय. पांढऱ्या घनाकृतीत कुटुंबाने डोळ्याच्या उंचीवरून चालून पाहावे : दारातून आत येणे, किराणा सामान स्वयंपाकघरात नेणे, रात्री उठून न्हाणीघराकडे जाणे. बैठकीस केवळ पैसे देणारा पुरुष नव्हे, तर घरात सर्वाधिक वेळ घालविणारी माणसे असली पाहिजेत. ओट्याची उंची, उंबरठ्याची अडचण, देव्हाऱ्याची दिशा याविषयी त्यांचे म्हणणेच अंतिम असते.

प्रत्येक बैठकीअखेर ठरलेले बदल तारखेसह लिहून दोन्ही पक्षांनी सही करावी, आणि नकाशाच्या प्रत्येक आवृत्तीवर क्रमांक घालावा. पडद्यावरील बदल सुलभ असल्यामुळेच कोणता नकाशा अंतिम, याविषयी घोटाळा होण्याचा संभव अधिक असतो. जुन्या प्रतीवरून बांधलेली भिंत ही आज्ञावलीची चूक नसते.

शिवाय, गृहरचनेच्या सोप्या आज्ञावलीला भार कळत नाही. पडद्यावर मधला खांब एका क्षणात पुसता येतो. त्यावरील तुळई कशावर टेकणार हे ती विचारीत नाही. तो हिशेब स्थापत्य अभियंत्याचा. न्हाणीघर दुसऱ्या कोपऱ्यात हलविल्यास सांडपाण्याचा नळ कोठून, किती उताराने जाईल, हेही तिला ठाऊक नसते. आणि गवंडी रंगीत चित्रावरून नव्हे, तर आकडे घातलेल्या कागदावरूनच काम करतो. चित्र आणि कागद यांत तफावत राहिली, तर घर कागदाप्रमाणे उभे राहते.

तात्पर्य, ही साधने घर सुंदर करतातच असे नाही, आणि वास्तुशिल्पी, अभियंता किंवा मिस्त्री यांची जागाही घेत नाहीत. पाया खोदण्यापूर्वी नकाशा न वाचता येणाऱ्या माणसाला घर पाहण्याची, आणि म्हणून हरकत घेण्याची संधी देणे, हे त्यांचे मोठे कार्य. ज्या कुटुंबाने तीस-पस्तीस वर्षे दुसऱ्याने ठरविलेल्या घरात काढली आहेत, त्याने ही संधी गमावू नये. पडद्यावरील भिंत सरकविण्यास खर्च येत नाही. विटेची भिंत एकदा उभी राहिली की ती हलविण्यास साठविलेली पुंजी लागते.