‘कॉसमॉस’ म्हणजे नक्की कोण? एका शब्दातून शोधप्रश्न कसा घडतो

नव्या करारातल्या एखाद्या शब्दावर संशोधन करायचं म्हटलं की आपण आधी शब्दकोश उघडतो. ते योग्यच आहे. पण शब्दकोश कुठे थांबतो, हेही कळायला हवं. आज ‘कॉसमॉस’, म्हणजे ‘जग’, हा ग्रीक शब्द घेऊन ते पाहू.

आधी वाद समजून घ्या. ख्रिस्ताचं प्रायश्चित्त सर्व माणसांसाठी, की देवाने निवडलेल्यांसाठी? १६१० मध्ये हॉलंडमधल्या आर्मिनियसच्या अनुयायांनी पाच कलमं मांडली. ख्रिस्त सर्वांसाठी मेला, असं त्यातलं दुसरं कलम. १६१८-१९ च्या डॉर्ट धर्मसभेने ही भूमिका नाकारली. या मरणाचं मोल साऱ्या जगाला पुरेसं आहे, पण ते परिणामकारक ठरतं निवडलेल्यांसाठी, असं सभेचं म्हणणं. हा वाद नुसता पुस्तकी नाही. समोरच्या कुठल्याही माणसाला ‘ख्रिस्त तुझ्यासाठी मेला’ असं उपदेशकाने म्हणावं का, हे त्यावर ठरतं.

वादाच्या मध्यभागी आहे १ योहान २:२. तिथे येशूला आपल्याच नव्हे, तर ‘संपूर्ण कॉसमॉस’च्या पापांबद्दलचा ‘हिलास्मॉस’, म्हणजे प्रायश्चित्त, म्हटलं आहे.

आता शब्दाकडे या. १ पेत्र ३:३ मध्ये ‘कॉसमॉस’ म्हणजे चक्क साजशृंगार! योहान १:१० या एकाच वचनात तो तीनदा येतो: जिथे येशू होता ते जग, त्याच्याद्वारे निर्माण झालेलं जग आणि त्याला न ओळखणारं जग. योहान १२:१९ मध्ये परूशी म्हणतात की जग त्याच्यामागे गेलं. आपण ‘अख्खं गाव जत्रेला गेलं’ म्हणतो, तसंच हे. घरोघर जाऊन कोणी मोजत नाही.

दोन्ही बाजू इथूनच पुरावे काढतात. सर्वांसाठी म्हणणारे १ योहान ५:१९ दाखवतात. त्याच पत्रात ‘संपूर्ण जग’ दुष्टाच्या सत्तेखाली आहे आणि ‘आपण’ त्याहून वेगळे आहोत. मग तिथे ‘जग’ म्हणजे निवडलेले कसे? दुसरी बाजू योहान ११:५१-५२ काढते. तिथेही ‘केवळ या राष्ट्रासाठी नव्हे, तर’ अशीच रचना आहे. पण पुढे येतात देवाची पांगलेली मुलं.

मग निकाल काय? इथे दोन गोष्टी वेगळ्या करा: शब्दाचा अर्थ आणि त्या वाक्यात तो कोणाकडे बोट दाखवतो. ‘निवडलेले’ हा ‘कॉसमॉस’चा कोशातला अर्थ नाही. पण ‘संपूर्ण जग’ म्हटलं की प्रत्येक माणूस मोजला गेला, हेही आपोआप सिद्ध होत नाही. एका ठिकाणचा अर्थ उचलून दुसरीकडे चिकटवण्याच्या सवयीवर जेम्स बार यांनी १९६१ मध्येच कडक टीका केली होती.

म्हणून ‘प्रायश्चित्त कोणासाठी?’ हा प्रश्न एका शब्दावर लादू नका. तो लहान करा: ‘१ योहान पत्रात “आपण” आणि “जग” यांचं नातं काय?’ याला पुरावा गोळा करता येतो, आणि तुमच्याशी असहमत असलेला माणूसही तो तपासू शकतो. तुमच्या विषयातही असा एखादा शब्द असेलच. आधी त्याची सगळी वाक्यं मांडा. बाजू नंतर घ्या.