ओट्यात हॉब बसवताना

दिवाळीआधी बडोद्यातल्या आपल्या घरांत स्वयंपाकघराची कामे निघतात आणि जुन्या शेगडीच्या जागी ओट्यात बसणारा हॉब घ्यायचे ठरते. त्यासाठी ग्रॅनाइट कापावा लागतो. दगड एकदा जास्त कापला की भरून निघत नाही, म्हणून काही गोष्टी सभासदांपुढे मांडत आहोत.

आधी हॉब घरी आणावा, मग कारागिराला बोलवावे. बँकेत आम्ही खातेदारांना सही करण्यापूर्वी कागद वाचायला सांगत असू, इथेही तेच. हॉबबरोबरच्या कागदावर भोकाचे माप दिलेले असते आणि ते वरच्या काचेपेक्षा लहान असते. ६० सेंटीमीटरच्या हॉबला बहुधा ५६ × ४९ सेंटीमीटरचे भोक लागते, पण कंपनीप्रमाणे ते बदलते. काचेच्या मापाने कापले तर हॉब टेकायला कडाच उरत नाही.

खुणा करण्यापूर्वी ओट्याखाली वाकून पाहावे. आधाराची उभी भिंत किंवा कडप्पा नेमका भोकाखाली येत असेल, तर जागा सरकवावी. पुढे-मागे निदान ५ सेंटीमीटर दगड राहू द्यावा. ही अरुंद पट्टीच आधी तडकते.

तडा बहुतेक वेळा टोकदार कोपऱ्यातून जातो. म्हणून चारही कोपऱ्यांत प्रथम डायमंड बिटने गोल भोके पाडून घ्यावीत आणि मग ती सरळ रेषेत कटरने जोडावीत. पाते कोपऱ्याच्या पुढे जाऊ देऊ नये. शेवटचा तुकडा सुटताना खालून आधार हवा, नाहीतर कड फुटते.

गॅस आधीच बंद करावा आणि सिलिंडर बाहेर न्यावा. पाइपलाइन असेल तर कंपनीच्या माणसाकडून जोडणी सोडवून घ्यावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. ग्रॅनाइट कोरडा कापला की जी बारीक पांढरी धूळ उडते, तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. आपल्याजवळच्या खंबातमध्ये अकीक घासणाऱ्या कारागिरांनी हा आजार भोगला आहे. कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत सिलिका आणखी जास्त असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यांच्यावर बंदी घातली. आपल्या घरी धूळ एक दिवस उडते, कारागिराच्या छातीत मात्र ती रोज जाते.

म्हणून पाणी सोडत कापायला सांगावे. यंत्र पाण्याबरोबर चालणारे असावे आणि प्लगला अर्थिंग व ईएलसीबी असावा. कारागिराला एन-९५ मास्क द्यावा. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे.

पाणी लावून कापायला वेळ जास्त लागतो. मजुरी ठरवतानाच हे बोलून घ्यावे आणि वरचे चार पैसे आनंदाने द्यावेत.